जुना सीएनसी राउटर, नवा लॅपटॉप आणि मधलं २५ पिनांचं कनेक्टर

हाती आलेला राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारं-कोरणारं यंत्र, तीन अक्षांचा. टेबल साधारण ३०० बाय ४०० मिलिमीटर, बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे आटेदार दांडे) धड, मोटरी हाताने फिरवल्या तर सुरळीत फिरणाऱ्या. शेजारी पत्र्याचा कंट्रोल बॉक्स, त्याच्या पाठीवर डीबी२५ म्हणजे २५ पिनांचं कनेक्टर, आणि सोबत यंत्र चालवणाऱ्या मॅक३ या सॉफ्टवेअरची सीडी (ॲपलच्या मॅकशी त्याचा काही संबंध नाही). लॅपटॉपला मात्र यूएसबीखेरीज काहीच नाही. अशा वेळी हात आधी ‘यूएसबी टू पॅरलल’ केबलकडे जातो. ती घेऊ नये. का, ते पुढे येतंच. पण त्याआधी त्या कनेक्टरवर नेमकं काय आहे ते पाहावं लागतं. २५ पिना दिसल्या म्हणजे पॅरलल पोर्टच, असं धरून चालत नाही.

या कनेक्टरवर तीन प्रकारच्या गोष्टी सापडतात. पहिली, स्टेप आणि डायरेक्शनचे सिग्नल: संगणक प्रत्येक पावलाला एक पल्स पाठवतो, बॉक्समधले ड्रायव्हर त्याप्रमाणे मोटर फिरवतात. दुसरी, सिरियल पोर्ट: यंत्राच्या आतच प्रोसेसर असतो आणि त्याला मजकुरात आज्ञा जातात. रोलँडची मॉडेला एमडीएक्स-१५ आणि एमडीएक्स-२० ही यंत्रं अशीच. ती जी-कोड (सीएनसी यंत्रांची नेहमीची आज्ञाभाषा) नाही, आरएमएल-१ ही स्वतःची भाषा समजतात. तिसरी आणि सगळ्यांत धोक्याची म्हणजे मोटरच्या वेटोळ्यांच्या तारा थेट. काही यंत्रांत ड्रायव्हर वेगळ्या डब्यात असतो आणि डब्यापासून यंत्रापर्यंत डीबी२५ मधून मोटरचा करंटच जातो. त्यात संगणकाचा किंवा कंट्रोलरचा पोर्ट खुपसला तर तो गेलाच म्हणून समजा.

ओळखायला मल्टीमीटर पुरतो. बॉक्सची वीज काढायची, प्लग भिंतीतून उपटायचा, आतले मोठे कपॅसिटर उतरेपर्यंत थांबायचं आणि त्यांच्या टोकांवर डीसी व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या खाली आलंय ना ते मोजायचं. मग कनेक्टरच्या पिना जोडी-जोडीने ओहमवर तपासायच्या. दोन पिनांमध्ये एक ते पाच ओहम दिसले आणि अशा चार-सहा जोड्या निघाल्या, तर त्या मोटरच्या वेटोळ्या. १८ ते २५ या पिना एकमेकींशी आणि ग्राउंडशी जोडलेल्या निघाल्या, तर बहुधा पॅरलल. बॉक्स उघडल्यावर कनेक्टरजवळ मॅक्स२३२ सारखी चिप दिसली तर सिरियल. आमच्या बॉक्समध्ये कनेक्टरच्या मागे ऑप्टोकप्लरची (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणाऱ्या चिपची) रांग आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला चिकटलेले तीन टीबी६५६० ड्रायव्हर होते. म्हणजे पहिला प्रकार, आणि सगळ्यांत सोयीचा.

सिरियल निघालं असतं तर काम वेगळं होतं: एफटीडीआय चिपची यूएसबी-सिरियल केबल, ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, आणि हार्डवेअर हँडशेकच्या तारा पूर्ण जोडलेल्या. त्या तारा गाळल्या तर छोटी फाइल नीट चालते आणि मोठी फाइल मध्येच वेडीवाकडी होते, कारण यंत्राचा बफर भरल्याचं संगणकाला कळतच नाही. जुन्या प्रोलिफिक चिपच्या केबली नव्या विंडोजचा ड्रायव्हर सरळ नाकारतो, त्या नादी लागू नये.

आता यूएसबी टू पॅरलल केबल का नको ते. स्टेपर मोटरचा एक पूर्ण फेरा म्हणजे २०० पावलं. ड्रायव्हर एक-अष्टमांश मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे एका पावलाचे आठ भाग करत असेल, तर १,६०० पल्स. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला ४०० पल्स. मिनिटाला १,५०० मिलिमीटर वेगाने कापायचं म्हणजे सेकंदाला १०,००० पल्स, दर १०० मायक्रोसेकंदांना एक, आणि तोही ठरल्या क्षणी. मॅक३ हे काम करताना दर ४० मायक्रोसेकंदांनी विंडोजच्या हातून प्रोसेसर काढून घेतो आणि पोर्टच्या पिना स्वतः वरखाली करतो. यूएसबीवर एक साधी फ्रेमच १ मिलिसेकंदाची. शिवाय ती केबल स्वतःला प्रिंटर म्हणून दाखवते: तिला बाइट द्यायचे, ती प्रिंटर तयार आहे का बघून ते एकगठ्ठा पुढे ढकलणार. कुठली पिन कधी वर जाते यावर आपला ताबाच राहत नाही. तेव्हा हा दोष केबलच्या दर्जाचा नाही. महागातली घेतली तरी हेच.

मॅक३चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटी विंडोजवर चालतो, आणि विंडोज ११ तर ६४ बिटीच येतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज टाकूनही भागत नाही, कारण वेळेची हमी तिथे आणखी कमी. मग उरतात तीन रस्ते. डेस्कटॉप असेल आणि त्यात पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर खरा पॅरलल पोर्ट असलेलं कार्ड आणि लिनक्ससीएनसी. मॅक३ची सवय आणि लायसन्स असेल तर यूसी१०० सारखा छोटा मोशन कंट्रोलर: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला डीबी२५, पल्स तो स्वतः तयार करतो, सेकंदाला १ लाखापर्यंत. आणि तिसरा, छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर ग्रबल हे जी-कोड वाचून पल्स काढणारं फर्मवेअर.

लिनक्ससीएनसीबद्दल एवढंच. कार्डाचा पत्ता पूर्वीसारखा हेक्समधला ३७८ नसतो. एलएसपीसीआय -व्ही या आज्ञेने तो शोधून सेटिंगमध्ये घालायचा. लेटन्सी-टेस्ट (संगणक ठरल्या क्षणापासून किती चुकतो ते मोजणारा प्रोग्राम) चालू ठेवून ब्राउझर उघडायचा, व्हिडिओ लावायचा, मोठ्या फाइली कॉपी करायच्या आणि सर्वांत वाईट आकडा बघायचा. २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत हळू चालेल, १०० च्या वर गेला तर त्या संगणकातून पल्स काढायचा विचार सोडावा आणि मेसा कंपनीचं, पल्स स्वतः काढणारं इथरनेट कार्ड बघावं. लॅपटॉप या परीक्षेत बहुतेक नापास होतात. त्यांची वीज वाचवण्याची यंत्रणा मध्येच प्रोसेसर पळवते. नव्या कार्डांत आणखी एक खोच: काहींच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, आणि जुना बॉक्स ५ व्होल्टच्या हिशेबाने बनवलेला असतो.

आम्ही ग्रबल निवडलं. तीन अक्षांच्या छोट्या यंत्राला ते पुरतं, संगणकाला फक्त मजकूर पाठवायचा असतो, आणि संगणक बदलला तरी यंत्राची सेटिंग बोर्डातच राहतात. अर्डुइनो उनोवर ग्रबल १.१ सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देऊ शकतं. आपल्या ४०० पल्स प्रति मिलिमीटरला ते मिनिटाला ४,५०० मिलिमीटर झालं. या घराण्यातल्या यंत्रांना तेवढा वेग झेपतच नाही, त्यामुळे अडचण नाही. एक-सोळांश मायक्रोस्टेप ठेवणार असाल तर मात्र हा आकडा निम्मा होतो.

जुना संगणकही यंत्रासोबत मिळत असेल तर तो फॉरमॅट करण्याआधी मॅक३च्या फोल्डरमधली एक्सएमएल फाइल काढून घ्यावी आणि ‘पोर्ट्स अँड पिन्स’, ‘मोटर ट्यूनिंग’ या दोन पडद्यांचे फोटो काढावेत. कुठली पिन कशाची, प्रति मिलिमीटर पल्स किती, कुठला सिग्नल उलटा, बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारी ढिलाई) किती धरला होता, सगळं तिथे लिहिलेलं असतं. हे मिळालं तर अर्धं काम वाचतं.

नाही मिळालं तर पिना शोधाव्या लागतात. अनेक बॉक्समध्ये २ व ३ एक्सच्या स्टेप-डायरेक्शन, ४ व ५ वायच्या, ६ व ७ झेडच्या अशी मांडणी असते, पण टीबी६५६०च्या स्वस्त एकपत्री बोर्डांत ती वाटेल तशी असते. छापील कागदावर विश्वास न ठेवता कंटिन्यूटीने माग काढावा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची: डीबी२५ ची पिन थेट ड्रायव्हर चिपपर्यंत बीप देत नाही, मध्ये ऑप्टोकप्लर असतो आणि त्याच्या दोन बाजू विजेने वेगळ्या असतात. म्हणून आधी पिनेपासून रेझिस्टरमार्गे ऑप्टोच्या एलईडीच्या पायापर्यंत जायचं, मग त्याच ऑप्टोच्या पलीकडच्या पायापासून ड्रायव्हरच्या सीएलके किंवा सीडब्ल्यू/सीसीडब्ल्यू पायापर्यंत. सीएलके म्हणजे स्टेप, दुसरा म्हणजे दिशा. प्रत्येक अक्षाची एनेबल पिनही अशीच शोधायची. सापडेल तसं कागदावर लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही.

याच वेळी डिप स्विचवरून मायक्रोस्टेप किती ते टिपून घ्यायचं. टीबी६५६०वर पूर्ण, अर्धा, अष्टमांश आणि सोळांश एवढेच पर्याय आहेत, चतुर्थांश नाही. तक्त्यात चतुर्थांश छापलेला दिसला तर तो तक्ता दुसऱ्याच बोर्डाचा.

जोडणी अगदी सरळ आहे. उनोची डी२ एक्स स्टेप, डी३ वाय स्टेप, डी४ झेड स्टेप. डी५, डी६, डी७ त्याच क्रमाने दिशा. डी८ सर्वांचं एनेबल. ग्राउंड कनेक्टरच्या १८ ते २५ पैकी दोन-तीन पिनांना. तारा सोल्डर करायच्या आणि वर श्रिंक ट्यूब चढवायची. जम्पर वायर टोचून भागवलेलं काम स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरीच्या) थरथरीत सुटतं. ५ व्होल्टची तार मात्र सहज म्हणून जोडायची नाही. काही बॉक्सना ऑप्टोच्या संगणकाकडच्या बाजूला बाहेरून ५ व्होल्ट लागतात, काही ते स्वतः तयार करतात. दोन्हीकडून ५ व्होल्ट आले तर दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात आणि बळी यूएसबी पोर्टचा जातो.

उनोऐवजी ईएसपी३२ चा बोर्ड आणि फ्लुइडएनसी हे ग्रबलसारखं फर्मवेअर वापरणार असाल तर व्होल्टेजचं गणित करून बघा. ऑप्टोच्या एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात. मालिकेत ४७० ओहमचा रेझिस्टर असेल तर ५ व्होल्टला ८ मिलिअँपिअर जातात, ३.३ व्होल्टला साडेचार. दिवा लागतो, पण मंद; पीसी८१७ सारखा मुळात संथ ऑप्टो आणखी संथ होतो. हळू चालवताना सगळं ठीक दिसतं आणि वेग वाढवला की पावलं गळतात. मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी२४५ चिप घातली की प्रश्न मिटतो. एचसी नव्हे, एचसीटी, तीच ३.३ व्होल्टला खात्रीने ‘वर’ मानते.

सगळं जोडूनही मोटरी ढिम्म राहिल्या तर आधी एनेबल बघा: मोटरीचा दांडा हाताने सहज फिरतोय म्हणजे ड्रायव्हर जागाच नाही. एनेबल उलटं असेल तर ग्रबलचं $४ हे सेटिंग बदलायचं (ग्रबलची सगळी सेटिंग अशी $ आणि आकड्याने लिहितात). तरीही काही नाही, तर चार्ज पंपाची शक्यता धरा. काही ब्रेकआउट बोर्डांना एका ठरावीक पिनेवर सतत १२.५ किलोहर्ट्झचा ठोका लागतो. तो थांबला की संगणक गोठला असं मानून बोर्ड सगळं बंद करतो. मॅक३ तो ठोका देतं, ग्रबल देत नाही. बहुतेक बोर्डांवर हे बंद करायचा जम्पर असतो. तो काढला तर सुरक्षेचा एक पदर गेला हेही लक्षात ठेवायचं, आणि इमर्जन्सी स्टॉप मोटरीची व स्पिंडलची वीज प्रत्यक्ष तोडणारा हवा. सॉफ्टवेअरमधलं लाल बटण म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे.

आणि कितीही घाई असली तरी बॉक्स चालू असताना मोटरीचं कनेक्टर काढायचं नाही. वेटोळ्यातला करंट एकदम तुटला की उसळणारं व्होल्टेज ड्रायव्हर फोडतं, आणि टीबी६५६० या बाबतीत फारच नाजूक.

संगणकाकडची बाजू. नकली उनोवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच आणतं. लिनक्सवर वापरकर्ता डायलआउट गटात घालावा लागतो. उबंटू २२.०४ वर बोर्ड जोडल्याबरोबर पोर्ट दिसून गायब होत असेल, तर तो बीआरएलटीटीवाय नावाच्या, ब्रेल उपकरणांसाठीच्या प्रोग्रामने बळकावलेला असतो. तो काढला की पोर्ट टिकतो. पोर्ट ११५२०० बॉडला उघडायचा. उनो पोर्ट उघडताक्षणी रीसेट होतं, त्यामुळे काम चालू असताना दुसऱ्या प्रोग्रामने तो पोर्ट उघडायचा प्रयत्न केला तर यंत्र जागीच थांबतं आणि शून्य हरवतं. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आणि स्लीप दोन्ही बंद ठेवायचं. फाइल पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, जीसेंडर, बीसीएनसी यांपैकी कुठलंही चालतं. आवडीचा प्रश्न आहे.

सेटिंगमध्ये आधी $१=२५५, म्हणजे मोटरी थांबल्यावरही धरून राहतात. मूळ २५ वर ठेवलं तर झेड अक्ष स्पिंडलच्या वजनाने खाली घसरू शकतो. $०=१०, पल्सची रुंदी मायक्रोसेकंदांत. $१००, $१०१, $१०२ मध्ये प्रति मिलिमीटर पल्स. स्क्रूची पुढची चाल कागदावरून घ्यायची नाही: कपलिंगवर खूण करून बरोबर एक फेरा द्यायचा आणि किती सरकलं ते मोजायचं. मग १०० मिलिमीटर चालवून कॅलिपरने ताळा. ९९.२ भरले तर जुना आकडा गुणिले १०० भागिले ९९.२. पण थांबा: बॉलस्क्रूच्या यंत्रात एवढा फरक क्वचितच खरा असतो. मोजणीच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने येऊन पोचलात का ते बघा. उलट दिशेने आलात तर ढिलाईसुद्धा त्या आकड्यात मिसळते, आणि मग सरळ ४०० असलेला आकडा उगाच ४०३ होऊन बसतो.

दिशा उलटी असेल तर $३. एक्सचा १, वायचे २, झेडचे ४, उलटायचे तेवढे मिळवायचे; एक्स आणि झेड उलटे तर $३=५. हत्यार कामाच्या सापेक्ष कुठे जातं ते धरायचं. टेबल सरकणाऱ्या यंत्रात टेबल स्वतः उलट दिशेने जाणार.

वेग $११० ते $११२, प्रवेग $१२० ते $१२२. सुरुवात मिनिटाला ५०० मिलिमीटर आणि प्रवेग ३० वर. आधी वेग वाढवत जायचं, मोटर किंचाळून अडली की तिथून साठ-सत्तर टक्क्यांवर यायचं, मग प्रवेग तसाच. स्पिंडल चालू नसताना मिळालेली मर्यादा कापताना टिकत नाही, म्हणून ही कपात कंजुषी समजू नये.

एवढं झाल्यावर लोक कापायला बसतात. त्याआधी एक चाचणी करून घेतलेली बरी, कारण जुना बॉक्स आणि नवा कंट्रोलर यांच्यातली सर्वांत चोरटी चूक तिच्यातच पकडली जाते. डायल गेज झेडखाली लावायचं, शून्य करायचं, आणि १ मिलिमीटर वर-खाली अशा ५०० फेऱ्यांची फाइल चालवायची. शेवटी काटा शून्यावर यायला हवा. आमच्याकडे तो अडीच मिलिमीटर खाली होता. आवाज नाही, अडकणं नाही, सगळं मखमली. आणि तरी अडीच मिलिमीटर.

आकडाच कारण सांगतो. अडीच मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोस्टेप. ५०० फेऱ्यांत १,०००, म्हणजे फेरीला बरोबर दोन. ग्रबल दिशेची पिन बदलतं आणि लगेच स्टेपचा पल्स देतं. ऑप्टोकप्लर लागायला चपळ आणि विझायला आळशी असतो. त्यामुळे एका बाजूला दिशा वेळेवर पोचते, दुसऱ्या बाजूला उशिरा, आणि उलटल्यानंतरचं पहिलं पाऊल जुन्याच दिशेने पडतं. एक पाऊल चुकीचं पडलं आणि एक बरोबर पडलं नाही: हिशेब दोनचा. दोन्हीकडे सारखाच उशीर झाला असता तर चूक जागच्या जागी फिटली असती आणि दिसलीही नसती. एक्स-वायमध्ये दिशा क्वचित बदलते, त्यामुळे तिथे हे लवकर जाणवत नाही. नक्षीकाम करताना झेड हजारो वेळा वर-खाली जातो आणि खोदकाम हळूहळू खोल होत जातं. दोष बिटला नाहीतर लाकडाला दिला जातो.

उपाय दोन. $२ ने त्या अक्षाचा स्टेप उलटा करून बघायचा. मग ड्रायव्हर पल्सच्या दुसऱ्या कडेला पाऊल टाकतो आणि दिशेला स्थिरावायला $० एवढे, म्हणजे १० मायक्रोसेकंद मिळतात. बॉक्समधला ऑप्टो सिग्नल उलटवतो की नाही यावर ठरतं, त्यामुळे काही यंत्रांत उलटं केल्याने सुधारतं, काहींत बिघडतं. दोन्ही करून डायल गेजला विचारायचं. पक्का इलाज म्हणजे ग्रबलच्या कॉन्फिग फाइलमधला स्टेप पल्स डिले हा बंद असलेला पर्याय उघडून फर्मवेअर पुन्हा भरणं. ग्रबलएचएएल या ग्रबलच्या नव्या अवतारात तीच गोष्ट $२९ ने होते, पुन्हा भरावं लागत नाही. इथे $२=४ केल्यावर काटा शून्याच्या एका रेघेवर आला. काट्याचा फरक दर वेळी वेगळा येत असेल तर मात्र हे कारण नाही. तिथे वेग, ड्रायव्हरचा करंट किंवा सैल कपलिंग बघायचं.

लिमिट स्विच डी९, डी१० आणि डी१२ वर. झेडबद्दल सावध: जुन्या सीएनसी शील्डवर झेडचा स्विच डी११ ला आणि स्पिंडल डी१२ ला छापलेलं असतं, पण ग्रबल १.१ मध्ये स्पिंडलचा वेग डी११ वरून जातो, म्हणून या दोघांची अदलाबदल झालेली आहे. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडावेत आणि $५=१ करावं; तार तुटली तर यंत्र थांबतं, उलट्या जोडणीत तुटलेली तार कळतच नाही. चिपमधला आतला पुलअप (पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) फार दुबळा आहे. बाहेरून ४.७ किलोओहम आणि पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की स्पिंडल सुरू करताच येणारे खोटे अलार्म बहुतेक जातात.

स्पिंडल सुरुवातीला बॉक्सवरच्या नॉबनेच चालवावा. संगणकाने चालवायचा असेल तर रिलेची तार डी१३ ला लावू नये: रीसेट होताना बूटलोडर ती पिन लुकलुकवतो आणि स्पिंडलला झटका बसतो.

कोरडी चालवलेली फाइल शेवटपर्यंत जाते आणि स्पिंडल लावला की मध्येच यूएसबी तुटते, ही तक्रार ठरलेली. मोटरच्या तारा आणि यूएसबी एकाच गठ्ठ्यात बांधल्या असतील तर आधी त्या सोडवा. यूएसबी केबल आखूड, शील्ड असलेली, दोन्ही टोकांना फेराइट. स्पिंडलच्या केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. तक्रार गेली तर चार्जरमार्गे ग्राउंडचा फेरा तयार होतोय, तिथे एडीयूएम४१६० चिपवाला यूएसबी आयसोलेटर काम करतो. आणि भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमची प्लास्टिकची नळी विसरू नका. कोरड्या हवेत तिच्यावर स्थिर वीज साठते आणि एका ठिणगीत बोर्ड रीसेट होतो. नळीच्या आतून एक उघडी तांब्याची तार ओढून ती अर्थला जोडली की पुरे.

जुन्या फाइली थेट चालतील असं नाही. मॅक३साठी बनवलेल्या फाइलींत एम६, जी४३ आणि ड्रिलिंगची जी८१, जी८३ ही चक्रं असतात. ग्रबल त्यांना एरर २० देतं. वर्तुळांवर एरर ३३ आला तर फाइलीत केंद्राचे आकडे निरपेक्ष आहेत, म्हणजे जी९०.१, ग्रबलला सापेक्षच लागतात. फाइल हाताने दुरुस्त करत बसण्यापेक्षा कॅममध्ये (चित्रावरून जी-कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्रबलचा पोस्ट प्रोसेसर निवडून ती पुन्हा काढावी.

पहिला खरा काप फोममध्ये: १०० मिलिमीटरचा चौरस आणि आत एक वर्तुळ. कर्ण दोन्ही १४१.४ भरले पाहिजेत, नाहीतर गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारी आडवी कमान) काटकोनात नाही. वर्तुळ चार ठिकाणी, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, किंचित चपटं आलं तर ती ढिलाई. इथे विकणारा बरेचदा शपथेवर सांगतो की त्याच्याकडे वर्तुळं गोल यायची, आणि तो खोटं बोलत नसतो: मॅक३ बॅकलॅशची भरपाई करतं, ग्रबल १.१ करत नाही. एक्सएमएल फाइलीत बॅकलॅशचे आकडे भरलेले दिसले तर ती ढिलाई तेव्हाही होतीच. ती यंत्रातच काढावी लागते. आधी कपलिंगचे ग्रब स्क्रू, मग स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगचं नट, शेवटी बॉलनट. गेजचा काटा लावून टेबल हाताने पुढे-मागे ढकलत यातलं नेमकं कोण हलतंय ते आधी बघायचं, कारण नव्वद टक्के वेळा बॉलनटला हात लावायची गरजच पडत नाही.